लोखंडी खाटा चार नग, गादी वगळून

माणसाने पर्चेस डिपार्टमेंटला नोकरी करावी, पण सासरी तसं सांगू नये.

मी सांगितलं होतं. चाकणच्या एका कंपनीत मी चौदा वर्षं खरेदी करतोय. बोल्ट, रबर, खोकी, हातमोजे, चहा पावडर, जे लागेल ते. तीन ठिकाणांहून कोटेशन मागवायची, तक्ता करायचा, सगळ्यात कमी भाव देणाऱ्याला बोलावून आणखी कमी करायला लावायचं आणि तो रडकुंडीला आला की सही करायची. एवढंच काम. पण परभणीला दिवाळसणाच्या जेवणावळीत ते मी असं काही रंगवून सांगितलं की तेव्हापासून सासरच्या गावात कुणी साधा कुकर घ्यायचा म्हटलं तरी मला फोन येतो. (घेतल्यावरही येतो. “एवढ्याला मिळाला, फसलो का?” मी नेहमी “थोडेसे” म्हणतो. धंद्याचा नियम आहे.)

तर नोव्हेंबरात विलासदादांचा फोन आला. विलासदादा म्हणजे सुवर्णाचे, माझ्या बायकोचे, थोरले भाऊ. झेडपीच्या शाळेत शिक्षक. सरळ माणूस.

“दाजी, नाताळच्या सुट्टीत दोन दिवस तुमच्याकडं यावं म्हणतो. मंगल, ओवी आणि जुळे.”

“या की दादा! घर तुमचंच आहे.”

घर दादांचंच होतं, पण वन बीएचके होतं आणि त्यात आम्ही दोघं, आमची लेक आणि माझी आई आधीच एकमेकांना ओलांडून जगत होतो. दादांना ते ठाऊक होतं.

“घरी नको. ओवीला हॉटेलात राहायचंय. लेकरांना लग्नाच्या कार्यालयाशिवाय बाहेरचा मुक्काम माहीत नाही हो. फार महागाचं नको, परवडेल असं बघा. तुम्ही पर्चेसला आहात, म्हणून मी निर्धास्त आहे.”

मागून सात वर्षांच्या ओवीने फोन हिसकावला. तिने वहीत यादीच केली होती. “मामा, लिफ्ट पाहिजे. फोन केला की चहा आणून देतात तो फोन पाहिजे. आणि उड्या मारायचा मऊ पलंग पाहिजे. बास.”

“बास?” मी म्हटलं. “अगं, मी एका वेळी चाळीस आयटमची ऑर्डर काढतो!”

सुवर्णा शेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “अहो, माझ्या माहेरचे पहिल्यांदा येतायत. नीट बघा. तुमचं ते कंपनीतलं इथे नको.”

आता माणसाने चौदा वर्षं एकच गोष्ट केल्यावर दुसरी करणार कशी?

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी तीन कोटेशन मागवली. पहिलं हिंजवडीतल्या एका चकाचक हॉटेलचं. तिथे आम्ही कंपनीसाठी येणाऱ्या परदेशी ऑडिटरांची सोय करतो, त्यामुळे नंबर तोंडपाठ. सवयीने विचारलं, “कॉर्पोरेट रेट काय, पर डे?” पलीकडच्या मुलीने जो आकडा सांगितला तो ऐकून घशात पोळी अडकली. दुसरं पिंपरीतलं लॉज. तिथल्या मॅनेजरने “लहान मुलं आहेत? मग नाही” म्हणून फोनच ठेवला. तिसरं नाव आमच्या स्टोअरच्या माणसाने सुचवलं. चाकणजवळच्या महाळुंग्याचे दत्तूशेठ. कंपन्या आल्या तेव्हा त्यांनी उरलेल्या जमिनीवर एकमजली इमारत बांधून तिला गेस्ट हाउस असा बोर्ड लावला होता. भाव हिंजवडीच्या निम्मा.

तक्ता झाला. दत्तूशेठ सगळ्यात खाली. शहाण्या माणसाने इथे थांबावं की नाही? मी त्यांना वाटाघाटीला बोलावलं!

कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर दत्तूशेठ आले. पांढरे कपडे, पांढरी टोपी, हातात दोन मोबाइल.

“शेठ, या भावाचं ब्रेकअप द्या.”

“ब्रेकअप म्हंजी?”

“म्हणजे एकेका गोष्टीचे किती लावलेत ते.”

दत्तूशेठनी हातातले दोन्ही मोबाइल बाकावर ठेवले. मग माझंच पेन घेऊन माझ्याच डायरीत शांतपणे लिहून दिलं. खोली, एसी, टीव्ही, नाष्टा, साफसफाई, बेडिंग सेट चार नग.

बस्स! लाल पेन कधी हातात आलं कळलंच नाही. डिसेंबरात एसी कशाला? काट. फिरायला आलेत, टीव्ही कोण बघतंय? काट. पोहे आमच्या घरी. काट. दोन दिवसांत घाण ती किती होणार? काट. बेडिंग सेट? मला वाटलं, जादा पाहुण्यांसाठी जादा पांघरुणं. घरी चादरी ढीगभर आहेत. काट!

“ह्ये बी काटलं?” दत्तूशेठनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“काटलं.”

“बघा बरं का. मागनं बोलायचं न्हाई.”

“शेठ, मी चौदा वर्षं हेच करतोय.”

“व्हय, ते दिसतंयच,” दत्तूशेठ म्हणाले. दोन दिवसांचे पैसे मात्र त्यांनी तिथेच रोख मागितले. मी पंचेचाळीस दिवसांची उधारी मागून पाहिली. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा हात पुढे केला.

त्या संध्याकाळी मी घरी तक्त्याची प्रिंट घेऊन गेलो. सुवर्णाने ती वाचली आणि फक्त एवढंच विचारलं, “तुम्ही खोली बघितलीत का?” मी हसलो. बोल्ट काय आपण प्रत्येक वेळी कारखान्यात जाऊन बघतो?

नाताळच्या सुट्टीतल्या शनिवारी सकाळी पाहुण्यांना स्टेशनवरून घेतलं, घरी पोहे झाले आणि शेजाऱ्यांची मोठी गाडी मागून आम्ही सगळे महाळुंग्याला निघालो. (आई घरीच राहिली. ती अनुभवी आहे.) चाकणच्या चौकात पाऊण तास कंटेनरच्या मागे उभे होतो. ओवीने त्या पाऊण तासात लिफ्टचं बटण आधी कोण दाबणार याच्या पाळ्या लावून टाकल्या. जुळ्यांपैकी एकाला ते पटलं नाही. दुसऱ्यालाही नाही. माझं डोकं तिथूनच ठणकायला लागलं.

गेस्ट हाउसपाशी उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. सगळीकडे शुकशुकाट. बाहेरच्या दोरीवर कंपन्यांचे निळे-करडे शर्ट ओळीने वाळत होते. दत्तूशेठ ओठांवर बोट ठेवूनच बाहेर आले.

“हळू बोला. थर्ड शिफ्टची, रातपाळीची पोरं झोपल्यात. धा ते चार आवाज न्हाई.”

“अहो, पण ही लहान मुलं आहेत!”

“तुमी आवाजाचं काय ईचारलंच न्हाई.”

खरं होतं. आवाज हा आयटम माझ्या तक्त्यात नव्हता.

त्यांनी खोली उघडली. भिंतीवर जिथे टीव्ही होता तिथे चौकोनी पांढरा डाग आणि चार भोकं. एसी होता, पण त्याचा रिमोट दत्तूशेठच्या खिशातून डोकावत होता. आणि खोलीभर चार लोखंडी खाटा. नुसत्या. पट्ट्यापट्ट्यांच्या. पट्ट्यांमधून खालची फरशी स्वच्छ दिसत होती. (साफसफाई काटली असूनही. माणूस प्रामाणिक होता.)

“गाद्या कुठायत?” मी विचारलं.

“बेडिंग सेट तुमी काटला की.”

“गादी त्यात येते?”

“मंग कशात येती?” दत्तूशेठ मनापासून म्हणाले. “इतकी वर्सं खोल्या देतोय, साहेब. कुनी भाव पाडून मागितला, कुनी बुडवून गेला. पन गिऱ्हाइकानं आपनहून गादी सोडलेली पयल्यांदाच बघतोय.”

मंगलवहिनींनी पदराने तोंड झाकलं. हसू की रडू, मी बघायचं टाळलं. सुवर्णाकडे तर मी पाहिलंच नाही. चौदा वर्षांत माझा भाव पाडणं कुठल्याही सप्लायरला जमलं नाही, तो सुवर्णा माझ्याकडे नुसती बघून पाडते.

ओवी खाटेजवळ गेली. एका पट्टीवर हात दाबून पाहिला. मग अगदी हळू, झोपलेल्यांना त्रास होऊ नये म्हणून कुजबुजत तिने विचारलं, “मामा, लिफ्ट कुठाय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लांबून आलेली पोर, आणि तिच्या तीनातली एकही गोष्ट मी आणली नव्हती. तीनच होत्या हो!

त्याच वेळी एका जुळ्याने खाटेवरून उडी मारायचा प्रयत्न केला, त्याचा पाय पट्ट्यांत अडकला आणि त्याने गळा काढला. दुसऱ्याने सोबत म्हणून काढला. पाय सोडवता सोडवता माझा संयम सुटला. मी दत्तूशेठना म्हटलं, हा माल रिजेक्ट! ते म्हणाले, माल ऑर्डरीपरमानं हाय! मी म्हटलं, गाद्या परत जोडा. ते म्हणाले, जोडतो की, पन आता अर्जंट हाय, अर्जंटचा भाव येगळा. गादीला एवढे, रिमोटला एवढे, टीव्ही पुन्हा लटकवायचा तर ड्रिलवाल्याचे एवढे! मी जागच्या जागी तोंडी बेरीज केली, आणि शपथेवर सांगतो, ती हिंजवडीच्या आकड्याला लागत होती. मी ओरडलो. दत्तूशेठ ओरडले.

शेजारचं दार उघडलं. बनियनवर एक दांडगा माणूस डोळे चोळत उभा होता. बोलण्यावरून बीडकडचा.

“साहेब,” तो हात जोडून म्हणाला, “लेकरांचं रडू द्या. घरी माझी बी दोन हायेत, त्यानं झोप मोडत नाही. तुमी दोघं तेवढं गप बसा.”

आम्ही दोघं गप बसलो. जुळेही, आश्चर्याने.

त्या शांततेत विलासदादा कोपऱ्यात उभे राहून मोबाइलवर काहीतरी करत होते. चार-पाच मिनिटं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “दाजी, हे हिंजवडीतलं बरं दिसतंय. घेतलं मी.”

“दादा, ते परवडणार नाही! मी रेट काढलाय त्यांचा!”

त्यांनी स्क्रीन दाखवली. तेच चकाचक हॉटेल. भाव माझ्या मंगळवारच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा.

“शनिवार-रविवार आयटीवाले नसतात ना,” दादा समजुतीच्या सुरात म्हणाले, जसे वर्गातल्या मागच्या बाकाला सांगत असतील. “हॉटेल रिकामं. मग स्वस्त देतात. तुम्ही कोणत्या वारचा विचारला होता?”

मी कोणत्याच वारचा विचारला नव्हता. आमचे ऑडिटर मंगळवारी येतात आणि गुरुवारी जातात. जगात शनिवारी कुणी हॉटेलात राहतं हे चौदा वर्षांत माझ्या कानावरच आलं नव्हतं.

एरवी दोन तास खाणारा हिंजवडीचा रस्ताही त्या दिवशी रिकामा होता. ओवीने लिफ्टचं बटण सतरा वेळा दाबलं. खोलीत शिरल्या शिरल्या फोन उचलून “दोन चहा आणि तीन दूध, साखर जास्त” अशी ऑर्डर दिली, आणि पलीकडून “येस मॅम” ऐकू आल्यावर फोन छातीशी धरून ती नुसती उभी राहिली. तिच्याकडे बघून मला इतकं बरं वाटलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की दोन्ही एकदम झाल्यामुळे मला चहाच गेला नाही. पलंग मोठे होते. सुवर्णा आणि आमची लेकही तिथेच राहिल्या. मला कुणी राहा म्हटलं नाही.

पण महाळुंग्याच्या खोलीचे पैसे भरलेले होते ना! दोन दिवसांचे, रोख, आणि परत मिळणार नव्हते. रविवारी सकाळभर मी आईसमोर येरझारा घातल्या. शेवटी दुपारी बाइक काढली, महाळुंग्याला गेलो आणि दत्तूशेठकडून किल्ली मागून घेतली. निदान दोन तास तरी वसूल करू म्हणून चप्पल काढून खाटेवर आडवा झालो. पाठीखाली पट्ट्या मोजता येत होत्या. मी मोजल्या. अकरा.

दहा मिनिटांनी दार ढकलून दत्तूशेठ डोकावले. माझी अवस्था पाहून त्या माणसालाही गलबलून आलं असावं.

“साहेब, गादी टाकू का? पैसं नगंत. फुकाट.”

मी कुशीवर वळलो आणि विचारलं, “उशी त्यातच धरलीय ना?”