परक्या फोनमधून पुसलेली नोट

"सिस्टर, तुमच्याच हातून डिलीट झालं असणार. आधी सगळे नाहीच म्हणतात," मी म्हणालो.

वळवी सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला स्क्रू ड्रायव्हर मुकाट्याने खाली ठेवला. त्या डोंगरातल्या एका उपकेंद्रावर नर्स आहेत. एरवी हसतमुख बाई. त्या दिवशी मात्र चेहरा पांढराफटक पडला होता.

तळोद्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी सकाळपासून गर्दी असते. ती बाजूला सारून सिस्टर थेट काउंटरच्या आत शिरल्या होत्या.

"राजूभाऊ, एक बाई आहे, रायली. सातवा महिना. दोन आठवड्यांपूर्वी ऊसतोडीला गुजरातमध्ये गेली आहे. जायच्या आधी मी तिचं रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट आज आला. सिकल सेल आहे. तोही साधा नाही, पूर्ण आजार."

सिकल सेल आमच्या भागात नवीन नाही. यात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. माणूस हाडं दुखतात म्हणून ओरडतो. पोटुशी बाई असेल तर तिला मोठ्या दवाखान्याच्या जवळच ठेवावं लागतं. उसाच्या फडात झोपडी टाकून राहणं म्हणजे जिवाशी खेळ.

"मग फोन करा की तिला."

"तिच्याकडे फोन नाही. नवऱ्याचा जुना नंबर बंद लागतो. मुकादमाचा नंबर आणि फडाचं ठिकाण मी नोटमध्ये लिहिलं होतं. जीप सुटता सुटता तिच्या नवऱ्याने सांगितलं, मी उभ्याउभ्या टाइप केलं. रजिस्टरला फक्त 'स्थलांतरित' एवढंच आहे. ती नोटच नाही आता!"

टोळीतल्या माणसांचे नंबर दर हंगामाला बदलतात. मुकादम भलत्याच तालुक्याचा. पाड्यावर विचारलं तर 'गुजरात' एवढंच उत्तर मिळतं, आणि गुजरात काय एवढासा आहे?

मी फोन हातात घेतला. डिलीट झालेली नोट लगेच मरत नाही. आधी ती ट्रॅशमध्ये जाते, म्हणजे अॅपच्या कचऱ्याच्या डब्यात. काही दिवस तिथे पडून राहते. बहुतेक गिऱ्हाइकांचं काम तिथेच होतं आणि मी मोठा जादूगार ठरतो. ट्रॅश उघडला. रिकामा. कोणीतरी डबासुद्धा धुऊन ठेवला होता.

तेवढ्यात स्क्रीनवर एक नवीन नोट आपोआप उगवली. 'केळीला पोटॅश. ड्रिपचे नळ.' सिस्टरांचा फोन माझ्या हातात, आणि त्यात कोणी तिसराच लिहितोय!

"ही केळी कोणाची?"

"मला काय माहीत? अधूनमधून येतं असं काहीतरी. मला वाटलं जाहिरात असेल."

मी कॉन्टॅक्ट उघडले. 'आई' नावाचे नंबर बोट दुखेपर्यंत खाली सरकवले तरी संपेनात. 'मामा शहादा', 'मामा धडगाव', 'मामा नवा नंबर'. एका बाईला इतके मामा नसतात. मग या फोनला जोडलेला ई-मेल आयडी आणखी किती फोनमध्ये चालू आहे ते पाहिलं. फोनची रांगच्या रांग. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण असलं काही पाहिलं नव्हतं.

"हा आयडी कोणी काढून दिला?"

"जिथे फोन घेतला त्या दुकानदाराने. आयडी काढल्याशिवाय फोन चालू होत नाही म्हणाला."

तो दुकानदार माझ्या ओळखीचा. नाव घेत नाही, त्याच्या पोटावर पाय कशाला द्या? त्याला फोन लावला, आमच्या अहिराणीतच.

"तू काय सगळासले एकच आयडी टाकी देस का रे?"

"मंग काय करू भाऊ? बाजारना दिन गर्दी ऱ्हास. येकयेकना आयडी काढामां दुपार व्हई जास. येक आयडी शे, तोच सगळासले. कोनी तक्रार नही करी आजलोंग." मग आठवून म्हणाला, "हां, काल येक ब्राह्मणपुरीना दादा ऊनथा बोंबलत. मन्हा मोबाइलमां बायासना नावं कसाले म्हने."

मी त्या दादांचा नंबर घेतला. गृहस्थ केळीवाले. फोन उचलल्या उचलल्या भडकले.

"भाऊ, तुमी सांगा! मोबाइलमां धा बायासना नावं. कोनले सातवा महिना, कोनले आठवा महिना! मन्ही बायकोनी वाची लिधं. दोन दिन व्हयनात, ती माले भाकर नही दी ऱ्हायनी. मी काय सांगू तिले? सगळं डिलीट करी टाकं. डबामाईन बी काढी टाकं!"

एरवी मी हसून लोळलो असतो. समोर सिस्टर उभ्या होत्या. त्यांना स्पीकरवर सगळं ऐकू गेलं होतं. त्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे माझ्या बायांची नावं इतक्या लोकांनी वाचली?" एवढंच बोलल्या.

इथे थोडं समजावून सांगतो. एक आयडी असलेले सगळे फोन म्हणजे एकाच विहिरीवरचे पोहरे. एकाने नोट पुसली की नेटवर्क मिळताच ती सगळ्यांच्या फोनमधून पुसली जाते. याला सिंक म्हणतात. नेटवर्क मिळताच, हे महत्त्वाचं. ज्या फोनला त्यानंतर नेटच मिळालं नाही, त्यात ती नोट अजून जिवंत असणार.

मी पुन्हा फोनची यादी पाहिली. बाकी सगळे कालपर्यंत चालू होते. एक मात्र गेल्या बाजारापासून गप्प होता. दुकानदाराला मॉडेल सांगितलं.

"तो दमण्या दादाना. वरना पाडावरला. बोकड्या इकस तो. गाना ऐकाले लिधा मोबाइल."

"दमण्या दादा?" सिस्टर उठल्याच. "तो दर बाजाराला खाली येतो. आजही येणार. जीपमध्ये असेल आत्ता!"

आता बघा पंचाईत. वर डोंगरात रेंज नाही, म्हणून नोट वाचलेली. घाटात एका वळणावर रेंज सुरू होते. जीपवाले तिथे हमखास थांबतात, सगळी माणसं उतरून फोन लावतात. दमण्या दादाच्या फोनला तिथे नेट मिळालं की ब्राह्मणपुरीचा हुकूम त्याच्याही फोनपर्यंत पोचणार, आणि नोट गेली. त्याला थांबवायला फोनही करता येत नाही, कारण रेंज नाही.

दुकान शेजारच्या चहावाल्यावर सोपवलं. सिस्टरांना मागे बसवून गाडी घाटाकडे हाणली. समोरून बाजाराच्या जीपा येत होत्या, टपावरसुद्धा माणसं. प्रत्येक जीपला सिस्टर हात करून विचारायच्या. दमण्या दादा नाही. वळण आलं, तिथे एक जीप उभी. त्यातही तो नव्हता.

वळणाच्या थोडं वर आणखी एक जीप हात करून थांबवली. मागच्या पायरीवर, दोन बोकड सांभाळत दमण्या दादा. फोन गळ्यात अडकवलेला, गाणं जोरात चालू.

मी घाईघाईने फोनलाच हात घातला. चूकच ती. त्याने मला असा धक्का दिला की मी बोकडावर पडलो. जीपमधली माणसं खाली उतरली. मार खायचीच वेळ होती. सिस्टर मध्ये पडल्या आणि डोंगरातल्या पावरी बोलीत भराभर बोलू लागल्या. मला त्यातलं 'रायली' तेवढं कळलं. गलका एकदम थांबला. दमण्या दादाने फोन गळ्यातून काढून माझ्या हातात ठेवला.

रेंजची एक काडी येत-जात होती. आधी फ्लाइट मोड लावला. म्हणजे फोनचे कान बंद. मग नोट्स उघडल्या.

नोट होती. रायलीचं नाव, फडाचं गाव, मुकादमाचा नंबर. घाईत माझ्या फोनने काढलेला पहिला फोटो हलला. दुसरा बरा आला.

वळणावर येऊन सिस्टरांनी नंबर लावला. मुकादमाने उचलला.

"रायली? ती कामाला येत नाही कालपासून. हाडं दुखतात म्हणून पडून आहे. नुसता आळस. उद्या एसटीत बसवून देतो घरी."

मग त्या सात्त्विक बाईच्या तोंडून मुकादमाला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य सांगतो. "आळस नाही, रक्ताचा आजार आहे. आत्ता गाडी कर आणि मोठ्या दवाखान्यात ने. मी फोन ठेवत नाही, गाडीचा आवाज ऐकू दे मला."

त्यांनी खरंच फोन ठेवला नाही, गाडी सुरू झालेली ऐकू येईपर्यंत.

रायलीला रक्त चढवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, एसटीत बसवली असती तर वाटेतच संपली असती. पुढे तिथल्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप.

सिस्टरांना मी त्यांचा स्वतःचा आयडी काढून दिला. दुकानदाराला जे बोलायचं ते बोललो. ब्राह्मणपुरीच्या वहिनींनाही फोन करून सांगितलं, त्या बाया दवाखान्याच्या आहेत, दादांच्या नाहीत. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, फोन तुमचा, पण आयडी कोणाचा? बहुतेक जण माझ्याकडे वेड्यासारखे बघतात. तुम्हीही आज बघून घ्या.

टोळी परतल्यावर रायली नवऱ्यासोबत आली. कडेवर मुलगी. नवऱ्याने फोन पुढे केला, त्यातही तोच आयडी. मी तो काढला, नवा बनवला आणि त्याला बजावलं, "आता पासवर्ड ठरव. तुझ्या कायम लक्षात राहील असा. आणि कोणाला म्हणजे कोणाला सांगायचा नाही."

त्याने मुलीकडे पाहिलं आणि भरल्या दुकानात तिचं नाव मोठ्याने सांगितलं.