साखळीतला माझा तास

आमच्या चर्चमध्ये भर दुपारचा तास कुणालाच नको असतो. वर पत्रा, समोर रणरणतं मैदान, आणि पंखा असा की तो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. साखळी प्रार्थना लागली की सगळे पहाटेचे तास मागून घेतात, नाहीतर संध्याकाळचे. दुपार माझ्यासारखीच्या पदरात पडते. त्यात ही साखळी माझ्याच नवऱ्यासाठी आहे. नाही म्हणायला मला तोंड कुठं आहे?

मी गुडघे टेकते. पुढच्या बाकाच्या पाठीवर कपाळ ठेवते. लाकूड तापलेलं आहे. "प्रभू, शांतवनांना बरं कर," म्हणते, पुन्हा म्हणते, आणि म्हणता म्हणता शब्द जिभेवरच जड होतात. डोळा लागू द्यायचा नाही, एवढं मात्र मला कळतं आहे. साखळीचा नियम आहे तसा. एकाचा तास संपला की दुसऱ्यानं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, मगच पहिल्यानं उठायचं. खंड पडता कामा नये. खंड पडला तर सगळी प्रार्थना वाया, असं शास्त्रात कुठंही नाही, पण आमच्या मंडळीत सगळे तसं धरून चालतात. मीही चालते.

डॉक्टरांनी हात टेकले. लिव्हर गेलंय, घरी न्या, म्हणाले. मग उरली ती ही साखळी. पहिल्या दिवशी लोक उड्या मारत आले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमच्याकडे दोन धड निघाले नाहीत. कुणाच्या घरी लग्न, कुणाचा कांदा काढायला आलेला. रिकामे पडलेले तास मीच भरते आहे. घरी ह्यांच्याजवळ शेजारची राहेल बसली आहे. सकाळपासून तिनं दोनदा निरोप पाठवला, ते सारखं तुमचं नाव घेतायत म्हणून. आता मी उठू कशी? माझ्या खांद्यावर हात ठेवायला कुणी येतच नाही.

"सरक थोडी," शेजारून कुणीतरी म्हणतं.

मी सरकते. मग बघते तर आत्याबाई. माझ्या सासूबाई, ह्यांच्या आई. त्यांना मातीआड करून वीस वर्षं होऊन गेली असतील, शेवटची आंघोळ मीच घातली होती. पण सासू सरक म्हणाली की आपण सरकतो, बाकीचं नंतर सुचतं. त्या बाकावर बसल्या आहेत, पांढरं लुगडं, काखेत ती शास्त्राची पिशवी. बायबलबाई होत्या आत्याबाई. गावोगाव पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायच्या, निम्म्या गावांत त्यांच्या अंगावर कुत्री सोडलेली.

"बरं झालं आलात," मी म्हणते. "माझा तास घेता का?"

"मेलेल्या माणसाला तास देत नसतात, हन्ने. काय बोलतेस."

"तुमच्याच लेकासाठी आहे."

"म्हणून तर आले."

त्यांनी लुगडं वर खोचलं आहे, कारण खाली पाणी आहे. मला काही नवल वाटत नाही. प्रवरेचं पाणी बाकांच्या मधून संथ चाललं आहे, आणि आम्ही चर्चमध्ये नाही, नदीच्या पायऱ्यांवर आहोत. पायऱ्या मात्र बाकांच्याच आहेत, मागं लोकांची नावं खरडलेल्या. आत्याबाई पाण्यात हात घालून बसल्या आहेत.

"आत्याबाई, हे बरे होतील ना?"

त्या बघत राहतात पाण्याकडे.

"बोला की. तुम्हाला तिकडं कळत असेल."

"नाही व्हायचा," त्या म्हणतात.

मला राग येतो. रडू यायला हवं, पण राग येतो. इतके तास गुडघे टेकून माझी ढोपरं काळीनिळी झाली, आणि ही बाई एका शब्दात हिशेब मिटवते. "मग कशाला शिकवलंत आम्हाला?" मी म्हणते. "मागा म्हणजे मिळेल, असं तुम्हीच सांगत हिंडलात ना दारोदार?"

"सांगितलं खरं."

"मग?"

"मलाही नाही कळलं ते. माझी दोन लेकरं गेली गोवरानं. मी काय मागितलं नव्हतं? घसा फुटेस्तोवर मागितलं." त्या हात पाण्यातून काढून झटकतात. "नाही मिळालं."

"आणि तरी दुसऱ्या आठवड्यात पिशवी घेऊन निघालात. हे सांगायचे मला. म्हणायचे, आई दगडाची होती."

"दगडाची कसली. घरात बसवत नव्हतं. प्रभू म्हणाला होता, माझ्या मागं ये. तेवढं मला समजत होतं, तेवढं केलं."

आता आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो आहोत. पाणी तसंच आहे, घोट्यापर्यंत. समोरून स्ट्रेचर जातं, रिकामं, आणि ते ढकलणारं कुणी नाही. भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलं आहे आणि कुठून तरी आमच्या रविवारच्या उपासनेची पेटी ऐकू येते. आत्याबाई पिशवीतून शेंगा काढून सोलतात आणि दाणे मला देतात. मी खाते. कशाचीच चव लागत नाही.

"तुला कुणाची भीती वाटते?" त्या विचारतात.

"देवाची. आणखी कुणाची?"

"खोटं नको बोलू. मी सासू आहे तुझी."

मी दाणे चावत राहते. मग म्हणते, "ते गेले की लोक म्हणतील, हन्नाबाईच्या तासाला खंड पडला म्हणून गेले. मंडळीतली मार्थाबाई तर तोंडावर म्हणेल. चर्चचे पाळकसाहेब काही म्हणणार नाहीत, पण माझ्याकडे बघतील. आणि मला स्वतःलाच तसं वाटेल, आत्याबाई. जन्मभर."

"वाटेल," त्या म्हणतात. एवढंच. धीर देतील असं मला वाटलं होतं.

"तुम्हाला नव्हती का भीती? बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरातून काढलं तुम्हाला."

"होती की. लुगड्यात थरथरत होते. मामंजींनी माझं ताट अंगणात फेकलं. पण ते फेकलेलं ताट बघितलं, आणि मला वाटलं, झालं, आता ह्या लोकांजवळ माझ्यासाठी काहीच उरलं नाही. ना घास, ना शिवी. मग चालत सुटले. उपाशी होते, पण पाय इतके हलके कधी नव्हते." त्या हसतात. एक दात पडलेला, तसाच. "सुटका म्हणतात ती तेवढीच मी बघितली, बाई. त्याहून मोठी बघितलेली नाही."

मला त्यांचा हात धरावासा वाटतो. धरते. गार आहे, नदीसारखा गार.

"बागेतलं आठवतं तुला?" त्या विचारतात. "प्रभूला धरून न्यायच्या आधीचं. त्यानंही मागितलं होतं, हा मरणाचा प्याला टळू दे म्हणून. टळला?"

"नाही."

"आणि शिष्यांना काय सांगितलं? मला सोडवा म्हणाला? साखळी लावा म्हणाला?"

"जागे राहा म्हणाला."

"अर्धंच सांगतेस. इथं थांबा म्हणाला, माझ्यासोबत जागे राहा. जवळ बसा, एवढंच मागत होता बिचारा. मरायला घाबरला होता. आणि ते तिघं दगडाच्या पलीकडे घोरत पडले." आत्याबाई माझ्याकडे बघतात, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढतो. "माझं पोर घरी एकटं मरायला टेकलंय, आणि तू इथं देवाची पाठ खाजवत बसलीस."

"मी त्यांच्यासाठीच तर बसलेय."

"तो कुणाचं नाव घेतोय?"

मी मान वळवते.

व्हरांड्याच्या टोकाला आमची खाट आहे, घरातली, लोखंडी. चादरीखाली हे आहेत, पाठ वळलेली. पाणी खाटेच्या पायांशी लागलं आहे. आत्याबाई माझी दोन्ही मनगटं धरतात आणि हात पाण्यात बुडवतात, खोल, कोपरापर्यंत, लहान मुलाचे धुवावेत तसे. किती वेळ धरून ठेवतात कुणास ठाऊक. हात बधिर होतात.

"त्याच्या तळपायांची आग होतेय," त्या म्हणतात. "लहानपणीही तापात तसंच व्हायचं. जा."

"आणि तास?"

"मोडू दे."

"तुम्ही बसा ना तोवर. नुसतं बसा."

"नाही बसायची," आत्याबाई म्हणतात आणि पिशवी खांद्याला लावून पाण्यातून चालायला लागतात. मी हाक मारते. त्या वळून बघत नाहीत.

पंखा कुरकुरतो आहे. माझं कपाळ बाकाच्या पाठीवर आहे, त्यावर लाकडाचा वळ उठला आहे. पाणी नाही. फरशी कोरडी ठणठणीत. माझ्या खांद्यावर कुणाचा हात नाही, मागं सगळे बाक रिकामे. दारातून ऊन आत आलं आहे.

आणि माझे हात गार आहेत. एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखाली, कोपरापासून बोटांपर्यंत बर्फासारखे गार. मी ते गालाला लावून बघते. नखं निळसर पडली आहेत.

मी उठते. ढोपरं कटकन वाजतात. दाराशी क्षणभर थांबते, कुणी येतंय का बघायला. मैदानात एक कुत्रं सावलीला पडलं आहे, बाकी चिटपाखरू नाही. प्रभूला काय सांगावं ते सुचत नाही, म्हणून काहीच सांगत नाही. चपला घालते आणि चालायला लागते. पाय हलके वगैरे काही होत नाहीत. रस्ता तापलेला आहे आणि मला भीती वाटते आहे.

घरी राहेल खाटेशेजारी पेंगते आहे. तिला जा म्हणते. हे जागे आहेत. डोळे पिवळे, पोट चादरीखाली फुगलेलं.

"तास संपला?" हे विचारतात.

"नाही. सोडून आले."

"कुणी आलं होतं?"

"कुणी नाही. मोडली साखळी."

हे छताकडे बघतात. मग म्हणतात, "म्हणजे मी आता उठत नाही."

"नाही उठत," मी म्हणते. इतक्या दिवसांत हे आम्ही दोघं पहिल्यांदा बोललो.

मी पायथ्याशी बसते, चादर सारते आणि दोन्ही तळवे त्यांच्या तळपायांवर टेकवते. पाय निखाऱ्यासारखे आहेत. ते डोळे मिटतात, सुस्कारा टाकतात.

"गार आहेत गं हात."

"हो."

"राहू दे तसेच."

मी राहू देते. हळूहळू माझे हात ऊन होत जातात, मग त्यांच्या पायांइतकेच ऊन. तरी ते काढ म्हणत नाहीत, आणि मी काढत नाही.