पायऱ्यांखालचा प्रयोग

मी छापखान्यात नोकरी केली. दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवण्यात हयात गेली, स्वतःचं काही लिहायची वेळ आली नाही. पण त्या प्रयोगाबद्दल जो तो आपापल्या परीने सांगत सुटलाय. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही होतात ना तिथे? मग लिहून टाका. फक्त मला देवी करू नका." म्हणून जमेल तसं लिहितो.

लहानपणच्या आजारात तिच्या पायांतली शक्ती गेली. चाकाच्या खुर्चीत बसून ती टेलिफोन कचेरीत ऑपरेटरचं काम करायची. बढती आली तेव्हा पहिला नंबर तिचा होता, पण ते काम वरच्या मजल्यावर. साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, बढती नको असं तुम्हीच लिहून द्या. उगीच कुणाला वाईटपणा नको."

दुसऱ्या दिवशी तिने आपली खुर्ची कचेरीच्या दारात आडवी लावली. साहेबांसकट प्रत्येकाला पोट आत ओढून, भिंतीला घासत आत जावं लागायचं. ही विचारायची, "लागलं का हो?"

पगार कापला गेला, दावा चालला. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा शेजारीण माझ्या आईला म्हणाली, "कोर्टाची पायरी चढणारी सून आणताय?" आई म्हणाली, "पायरीवरूनच तर भांडण आहे तिचं. आणि आमच्या घरात एक तरी तोंड असलेलं माणूस हवंच होतं." ही जिंकली. कचेरीला वरच्या मजल्यापर्यंत खुर्ची जाईल असा उतार झाला, मग पोस्टाला, मग इस्पितळाला. प्रत्येक ठिकाणी आधी नाही म्हणाले आणि प्रत्येक ठिकाणी ही दारात बसली.

तिच्या या भांडणावर नाटक करायचं म्हणून नाटकवाले आले तेव्हा ती निवृत्त झाली होती. दिग्दर्शक बँकेत नोकरी करून नाटकं बसवणारा, मोठा उत्साही गडी. तालमी आमच्या घराजवळच्या शाळेत, तळमजल्यावरच्या वर्गात व्हायच्या. ही रोज जायची आणि रोज भांडायची. तिची भूमिका करणाऱ्या नटीला म्हणायची, "अगं, इतकी काय रडतेस? मी कचेरीत एकदाही रडले नाही. रडायला घरी कांदे होते." तिची अट एकच. पहिला प्रयोग ती पहिल्या रांगेतून बघणार. त्याशिवाय पडदा उघडायचा नाही. दिग्दर्शकाने आनंदाने मान डोलावली.

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही नाट्यगृहापाशी उतरलो. समोर दगडी पायऱ्या, एकीवर एक, थेट दारापर्यंत. हिने पायऱ्यांकडे बघितलं, मग दिग्दर्शकाकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मावशी, माझ्या डोक्यातच आलं नाही हो! तालमी खालीच झाल्या ना... पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवलीय."

"खुर्ची? ती तर मी घेऊनच फिरते."

चार धट्टेकट्टे गडी पुढे आले. "आजी, फुलासारखं अलगद नेतो."

"हात लावाल तर बोंब ठोकीन."

नाट्यगृहाचे व्यवस्थापक धावत आले. "मागे सामानाचं दार आहे. तिथून यांना..."

"मी काय कपडेपट आहे का?"

"मावशी, तुमचंच नाटक आहे!" दिग्दर्शक रडकुंडीला आला. "लोक आत बसलेत. सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल."

"माझं आहे म्हणूनच तर. मला उचलून नेलंत, तर आत दाखवणार काय?"

मी हळूच म्हणालो, "एवढी माणसं आलीत, आजच्या दिवस..."

"तुम्ही जा वर. बघून या आणि घरी मला सांगा." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी गेलो नाही.

तेवढ्यात नटी रंग लावलेल्या चेहऱ्याने खाली आली. प्रकार कळल्यावर ती म्हणाली, "आणि मी शेवटच्या प्रवेशात उतारावरून वर जाणार!"

"आत उतार आहे?" हिने विचारलं.

"प्लायवूडचा. रंगवलेला."

ही इतक्या मोठ्याने हसली की तिकीटवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नटी मात्र हसली नाही. दिग्दर्शकाला म्हणाली, "माझी खुर्ची खाली आणा. इथेच करू."

"आणि दिवे? पडदा?"

"उजेड आहे अजून," ही म्हणाली. "बोलत बसलात तर जाईल."

प्रेक्षकांना बाहेर बोलावलं. कुरकुर झाली. एक गृहस्थ कडाडले, "मी तिकीट खुर्चीचं काढलंय, पायरीचं नाही!"

"मग माझ्यासारखी घरून आणायची," हिने सुनावलं. लोक हसले आणि पायऱ्यांवर रुमाल पसरून बसले. नट खाली अंगणात, आणि पहिल्या रांगेच्याही पुढे ही.

"आवारात परवानगी नाही. मी तक्रार करणार," व्यवस्थापक म्हणाले.

"करा की. नाव माझं घाला. सगळ्या सरकारी कचेऱ्यांना ते पाठ आहे."

वाऱ्याने निम्मे शब्द उडवले, रस्त्यावरच्या हॉर्नांनी उरलेले खाल्ले. नटी घसा फोडून बोलत होती. कचेरीच्या दाराचा प्रवेश खऱ्या फाटकात झाला. उशिरा आलेला एक माणूस नटीला म्हणाला, "बाई, जरा सरकता का? आत नाटक आहे." तिने तिथल्या तिथे विचारलं, "लागलं का हो?" तेव्हा सगळ्या पायऱ्या हसल्या.

शेवटचा प्रवेश आला. नटीने हिच्याकडे बघितलं. ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तो नको. इथे ते अजून झालेलं नाही."

नटीने खुर्ची वळवली, पायऱ्यांच्या अगदी तोंडाशी नेली आणि थांबली. नाटक संपलं की नाही, कुणालाच कळेना. टाळीही पडेना. मग बसलेली माणसं आपण कशावर बसलोय ते बघू लागली आणि एकेक करून उठली.

व्यवस्थापक खाली आले. आवाज जरा उतरला होता. "उद्याचा प्रयोग तरी आत करा."

"उतार बांधा, आत करू."

"मंजुरीला वेळ लागतो हो, बाई."

"लागू दे. उद्याही इथेच, परवाही इथेच. तुमचं बांधून होईपर्यंत."

हे तिने दिग्दर्शकाला विचारलं नव्हतं. त्याने वळून दिवेवाल्याला हाक मारली, "उद्या लांब वायर आण रे. इथपर्यंत पोचेल अशी."