उपमेय: मुख्याध्यापकांचे हसू

मी मूळची धुळ्याची. नोकरी लागली ती रावेर तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये. तिथे मराठी शिकवणारे एक ज्येष्ठ सर आधीपासून होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला अलंकारांच्या उदाहरणांची झेरॉक्स दिली. मुख चंद्रासारखे, डोळे कमळासारखे, दात मोत्यांसारखे.

"हीच लिहून द्यायची. पोरं पाठ करतात, मार्क पडतात," ते म्हणाले.

मी तो कागद त्यांच्या देखतच, पुरता न वाचता खणात टाकला. ते उर्मटपणाचं होतं, हे आज कळतं. आमचं बिनसलं ते त्या दिवसापासून.

दहावीच्या वर्गात मी विचारलं, "कमळ कोणी पाहिलंय?" दोन हात वर आले, तेही मोबाइलवर पाहिलेल्यांचे. मग मी सांगितलं, रोज जे पाहता त्यातून उपमा द्या. ज्याच्याविषयी बोलता ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करता ते उपमान, आणि दोघांत सारखा असलेला गुण खराच असला पाहिजे. नुसती शोभेची उपमा मला नको.

वर्गाला हे मुळीच रुचलं नाही. "मॅडम, सरांच्या वर्गाला छापील मिळालंय, आम्हालाच का नाही?" असं दर तासाला कुणीतरी विचारायचं. मी चिडायचे, तेही चिडायचे. तरी हळूहळू वाक्यं येऊ लागली. एकानं लिहिलं, बापाचा राग जुन्या ट्रॅक्टरसारखा, चालू व्हायला वेळ लागतो पण मग बंद होत नाही. त्या दिवशी वर्ग पहिल्यांदा मोकळेपणानं हसला.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिची आई केळीच्या पॅकिंगला जायची, आणि सुट्टीच्या दिवशी हीसुद्धा. तिच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग कायम असत. वर्गात ती फार बोलत नसे.

शाळेत मुलींचं स्वच्छतागृह होतं, पण त्याला कुलूप असायचं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खोलीत. तपासणीला कुणी आलं की कुलूप निघायचं, आत फिनेल पडायचं, पाहुणे गेले की पुन्हा बंद. एरवी मुली शाळेमागच्या केळीच्या बागेत जायच्या. मुली मुख्याध्यापकांकडे विचारायला गेल्या की ते फार गोड हसायचे आणि म्हणायचे, "होईल, बेटा, होईल." मी स्वतः दोनदा विचारलं होतं. मलाही तेच हसू मिळालं होतं.

सहामाही परीक्षेत प्रश्न होता, उपमा अलंकाराचे उदाहरण लिहून स्पष्ट करा. आम्ही एकमेकांच्या वर्गाचे पेपर तपासत असू, म्हणून माझ्या वर्गाचे पेपर सरांकडे गेले. त्या मुलीनं लिहिलं होतं:

"आमच्या मुख्याध्यापकांचे हसू खोक्यात वर रचलेल्या केळ्यांच्या फण्यांसारखे आहे. उपमेय: मुख्याध्यापकांचे हसू. उपमान: खोक्यातल्या वरच्या फण्या. समान गुण: पाहणाऱ्यासाठी वर चांगले ठेवतात, खालचा डागी माल दिसत नाही."

सरांनी त्यावर तांबड्या शाईनं शून्य दिलं आणि पेपर थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मला बोलावणं आलं तेव्हा सर तिथे खुर्चीत बसलेले होते. मला कुणी बसा म्हटलं नाही.

"हे तुम्ही शिकवलंत?" मुख्याध्यापकांनी विचारलं. त्या दिवशी ते हसत नव्हते.

"उपमा शिकवली. वाक्य तिचं आहे."

"म्हणजे वाक्य तुम्हाला मान्य आहे?"

"व्याकरणानं बरोबर आहे."

सर म्हणाले, "मी यांना पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, छापील द्या म्हणून."

"तुम्ही मध्ये बोलू नका," मी म्हणाले. आवाज चढला होता. बाहेर व्हरांड्यात मुलं थांबली असावीत.

मुख्याध्यापकांनी मग शांतपणे सांगितलं, की मुलीनं लेखी माफी मागावी, नाहीतर तिच्या वर्तणुकीचा शेरा दाखल्यावर जाईल, आणि माझ्या कायम होण्याच्या प्रस्तावाबरोबर माझाही शेरा जाईल. माझा परिवीक्षेचा काळ अजून संपायचा होता. मी तिथून बाहेर पडले आणि ग्रंथालयात त्या मुलीला समोर बसवून माफीनामा सांगायला सुरुवात केली. याची मला आजही लाज वाटते.

"माझ्याकडून अनवधानाने..." मी म्हणाले.

तिनं पेन थांबवलं. "अनवधानाने म्हणजे?"

"चुकून."

"पण मी चुकून नाही लिहिलं, मॅडम. विचार करून लिहिलं. तुम्हीच म्हणाल्या, गुण खरा पाहिजे."

"लिही."

"उपमा चुकली का माझी?"

"नाही. लिही तू."

तिनं लिहिलं. अक्षर मुद्दाम घोटून, सुंदर काढलं. कागद माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. कामावरूनच निघाली होती, लुगड्याच्या पदरावर चिकाचे डाग होते. मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहून, आत न जाता तिनं विचारलं, "माफी कायची, भाऊ?"

"तुमच्या मुलीनं माझा अपमान केलाय."

"मी रोज खोके भरते. वरच्या फण्या कशा ठेवतात, ते मले समजते. पोरीनं पाह्यलं तेच लिव्हलं. आता ती किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"पोरींच्या संडासची. मी किल्ली घेतल्याबिगर जात नाही."

मुख्याध्यापक शिपायाला हाका मारत राहिले. ती हलली नाही. मधली सुट्टी झाली, मुली दाराशी जमल्या, त्याही हलेनात. मी त्या आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले, पण एक दिवस उशिरा. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी किल्ली खिळ्यावरून निघाली आणि तिच्या हातात आली. तिनं स्वतः जाऊन कुलूप काढलं आणि कुलूप किल्लीसकट पिशवीत घालून घरी नेलं.

त्या संध्याकाळी मी मुख्याध्यापकांना लेखी दिलं की उत्तर अलंकाराच्या व्याख्येत पूर्ण बसतं आणि गुण मिळालेच पाहिजेत. माफीनामा मी त्या मुलीकडून लिहून घेतला, हेही त्यात लिहिलं. गुण मिळाले. मला मेमो मिळाला. पुढे मी कायम झाले, पण वर्षभर उशिरा.

सर आणि मी अजून त्याच स्टाफरूममध्ये, त्याच टेबलाशी बसतो. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. निरोप असेल तर शिपायाकरवी जातो.

त्या मुलीनं वर्षअखेरपर्यंत माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, अचूक द्यायची आणि खाली बसायची. अलंकारांच्या उजळणीला मी तिला उपमेचं उदाहरण विचारलं. ती उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मुख चंद्रासारखे सुंदर आहे."

मी "बरोबर" म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले.