पाठमोऱ्या मावशी

आपली पाठ आपल्याला ओळखू येत नाही. फोटोत दिसली तर आपण ती खुशाल दुसऱ्याची समजू. आमच्या शाळेत पाणी भरणाऱ्या मावशींना मात्र स्वतःची पाठ ओळखू आली होती, आणि तिच्यासाठी त्या सगळ्या गावाशी भांडायला तयार असत.

शाळा केदारखेड्याच्या पुढे, आडरस्त्याला. बाहत्तरच्या दुष्काळात तिथल्या तलावाच्या कामावर एक मोठी सिनेनटी येऊन गेली, असे गाव सांगे. त्या भेटीचा फोटो चौकट करून शाळेत टांगला होता. नटी डोक्यावर मातीची पाटी घेऊन हसते आहे. दुष्काळी कामावर इतके हसणारे माणूस मी तरी दुसरे पाहिले नाही. तिच्या मागे, अगदी कडेला, एक बाई पाठ करून उभी आणि तिच्या कमरेजवळून एका लहान मुलाचे पाऊल बाहेर आलेले.

मी नवा रुजू झालो तेव्हा त्या पाठीवर गावातल्या तिघी जणी हक्क सांगत होत्या. मावशी लुगड्याचे ठिगळ दाखवत. "ठिगळं काय तुझ्याच लुगड्याला व्हती का?" असे बाकीच्या दोघी विचारत, आणि त्यांचेही बरोबरच होते. मग मावशी त्या पावलावर बोट ठेवत. घोट्याला काळा दोरा होता. तो पाहिला की दोघी गप्प होत आणि आठवड्याभराने पुन्हा सुरू होत. तो मावशींनीच बांधलेला; ते पाऊल त्यांच्या लेकीचे, चिमीचे. चिमी त्याच उन्हाळ्यात तापाने गेली. तिचा दुसरा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता.

रोज सकाळी रांजण भरून झाला की मावशी ओल्या पदराने फोटोची काच पुसत, पण फक्त खालचा कोपरा. तो कोपरा लख्ख असे आणि नटीच्या तोंडावर धूळ. हेडमास्तर एकदा वैतागून म्हणाले, "मावशी, पुसायची तर सगळी काच पुसा की."

"तिला पुसणारे लई असतील, मोठे गुरुजी. मी माझ्या वाट्याची पुसली," असे म्हणून मावशी घागर उचलून चालू लागल्या.

पुढे एका वर्षी सातवीच्या मुलांचा फोटो काढायला जाफराबादहून फोटोग्राफर आला. ऊन उतरायची वाट पाहत तो वर्गात बसला आणि त्याची नजर चौकटीवर गेली. त्याने ती खाली काढली, दारात उजेडाला धरली आणि म्हणाला, "हे जोडकाम हाये गुरुजी. नटीची सावली पाहा, इकडं. बाकीच्यांची तिकडं. नटी वरून चिकटवलेली हाये."

तोवर निम्म्या गावाने त्या नटीला डोळ्यांनी पाहिलेले होते. एकाने तर तिला पाणी पाजले होते. संध्याकाळपर्यंत कोणीच काही पाहिलेले नव्हते. "मोटार आल्ती बराबर, पण काचा बंद व्हत्या," असे पाणी पाजणारा सांगू लागला.

हेडमास्तर सरळ माणूस. शाळेत खोटी वस्तू नको, म्हणाले. चौकट चांगली आहे, तिच्यात दुसरे काही बसवू. फोटो जाळून टाका.

दुसऱ्या दिवशी रांजण कोरडा होता. मावशी दारातच बसल्या होत्या, घागर पालथी घालून.

"नटी खोटी असंल, मोठे गुरुजी," त्या म्हणाल्या. "मंग माझी पोर बी खोटी का?"

हेडमास्तर नरमाईने म्हणाले, "पण मावशी, तुम्ही तर तिथंच उभ्या होतात. नटी आली होती की नाही, ते तुम्हीच सांगा म्हणजे झालं." आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो.

"मी पाठमोरी व्हते. मला काय दिसणार?" मावशी म्हणाल्या. "मागं गलका झाला. धुराळ्यानं पोर रडून राह्यली व्हती, मंग तिच्यावर पदर धरला. वळून बिलकुल पाह्यलं न्हाई."

हेडमास्तरांनी चौकट ठेवून घेतली आणि फोटो मावशींच्या हातात दिला. त्या दिवशी आम्हाला दुपारी पाणी मिळाले.

नटी खरोखर आली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. माझी बदली झाली आणि ते गाव सुटले. पुढे दहाएक वर्षांनी मावशी गेल्याचे कळले, तेव्हा एस.टी.ने जाऊन त्यांच्या मुलाला भेटलो. भिंतीवर तोच फोटो होता. नटीची बाजू मावशींनी मागे दुमडून टाकली होती. राहिली होती फक्त पाठ आणि ते पाऊल, आणि त्यावर झेंडूचा हार.

"आईचा दुसरा फोटूच न्हाई, गुरुजी," मुलगा ओशाळून म्हणाला. "कोणी काढाया लागलं की तोंड फिरवायची."

हार पाठीला घातलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी हात जोडले. हार जरा लांब झाला होता, त्याखाली कोपरा झाकला गेला होता. मी पुढे होऊन तो एका बाजूला सारला आणि चिमीचे पाऊल मोकळे केले.