स्वतःचं कौतुक

बायकोच्या मरणाच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला बोईसरच्या दुकानात गेलो होतो. तिथल्या कॉम्प्युटरवर घिवली गावची एक बारावीची पोर बसलेली. विलायतेच्या कॉलेजात जायचं म्हणून स्वतःबद्दल लिहून पाठवायचं होतं, आजच शेवटचा दिवस. ओळ लिहायची, पुसायची, वेणीचं टोक चावायची.

दुकानदार म्हणाला, "अगं, जरा फुशारकी मार."

ती माझ्याकडे वळली. "आजोबा, आपलं कौतुक आपणच कसं करायचं? आमच्यात ते दुसरं माणूस करतं."

"मग तुझी आई काय सांगेल ते लिही."

"आई सांगेल, हिच्याशिवाय माझं घर चालत नाय."

हे कौतुक झालं की 'जाऊ नको' म्हणणं झालं, मला कळेना. असलं काही मी बायकोला विचारायचो. पोरीची बोटं बटणांवर तशीच राहिली.