उडदाच्या रस्त्यावर लाल गाडी

पहिल्याच दिवशी मला शिंक आली आणि गाडी थेट फुलवाल्या बाईच्या टोपलीपर्यंत गेली. एक शिंक, बाकी काही नाही. तंजावुरातली राजवाड्यामागची आमची गल्ली आधीच अरुंद, त्यात सकाळची वेळ, दोन्ही कडांना सायकली. शिंकताना माझा हात हलला असेल नसेल, तर त्या लाल गाडीनं कुणी कान पिळल्यासारखी डावीकडे उडी घेतली. बाईनं टोपली मागे घेतली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं पुन्हा मोगरा ओवायला लागली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गाडी माझी नव्हतीच. धाकट्या दिरानं ती बंगळुरात हौसेनं घेतली होती. आकार डबीएवढा, इंजिन मात्र मोठं, चाकं रुंद, आणि स्टिअरिंग असं की नुसता विचार केला तरी वळेल. त्या वर्षांत आमच्या गल्लीतल्या घराघरांतून एकेक कंप्युटरवाला अमेरिकेला चालला होता. जाताना कुणी कुत्रा मागे ठेवला, आमच्या दिरानं ही गाडी. ती आमच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये, मामंजींच्या अँबॅसडरच्या मागे येऊन उभी राहिली.

मामंजी म्हणजे माझे सासरे. महाराष्ट्रात आता असं कोणी म्हणत नाही म्हणतात, आमच्याकडे अजून म्हणतात. कालवेखात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते, आणि गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं, त्या अँबॅसडरवर. तिला वळायचं असलं तर आधी कळवावं लागायचं. चाक फिरवायचं, जरा थांबायचं, मग ती सावकाश मनावर घ्यायची. इतकी वर्षं माझ्या हातांना तीच सवय. लाल गाडीत मी तसाच हातभर फेर घेतला की ती रस्ता सोडायची, घाबरून उलटा फेर घेतला की दुसऱ्या बाजूला पळायची. ब्रेकवर पाय ठेवला की कपाळ काचेकडे. ॲक्सिलरेटरला अंगठा लागला की मागून कुणी ढकलल्यासारखी सुटायची. एकदा संतापून मी भर रस्त्यात तिच्या स्टिअरिंगवर चापट मारली, आणि तेवढ्यानंही ती हलली.

हा सगळा खटाटोप हौसेसाठी नव्हता. मी बँकेत होते आणि मला बढती आली होती. कावेरीच्या मुलखात, आत एका खेड्यात शाखा होती, तिची मॅनेजर म्हणून. याआधी एकदा अशीच बढती आली होती, तेव्हा मुलगी अंगावर पीत होती, म्हणून मी नाही म्हटलं होतं. आता पुन्हा नाही म्हटलं असतं तर तिसऱ्यांदा कोणी विचारणार नव्हतं, हे मला वरच्या साहेबांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. खेड्याला जाणारी पहिली बस पोचेपर्यंत शाखेच्या दारात माणसं उन्हात तिष्ठत असायची. तिथे बिऱ्हाड करावं तर मुलीची शाळा तंजावुरात. म्हणजे स्वतः गाडी चालवत रोज जायचं आणि रोज यायचं, नाहीतर जन्मभर काउंटरमागे नोटा मोजत बसायचं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, बाबांना विचार. आमच्या घरात सगळे शेवटी तिथेच जाऊन थांबायचे, गाडीसुद्धा. अँबॅसडर पुढे उभी, लाल गाडी मागे. मामंजींनी आपली गाडी काढून दिल्याशिवाय माझी बाहेर निघायची नाही. रोज पहाटे मी सरावाला निघाले की ते न बोलता किल्ली घेऊन यायचे, आपली गाडी गल्लीत काढायचे, आणि मी परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहायचे. लाल गाडीला त्यांनी कधी बोटही लावलं नाही. म्हणायचे, ही गाडी नाही, हा चळ आहे.

विचारल्यावर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, रविवारी मी शेजारी बसतो, शाखेच्या दारापर्यंत जायचं आणि परत यायचं, मग सांगतो. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर मला एक गोष्ट थोडीथोडी कळायला लागली होती, की त्या गाडीला जितकं घट्ट धरावं तितकी ती थरथरते. पण मामंजी शेजारी असले की माझी बोटं आपोआप आवळायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर मी पाणीसुद्धा सावरून प्यायचे.

रविवारी निघालो. शहर संपलं, कालव्याचा बांध सुरू झाला. रस्ता त्या बांधावरूनच जातो, एका गाडीपुरता. डावीकडे कालवा, उजवीकडे खाली शेतं. भात निघून गेलं होतं, धरणाचं पाणी बंद, त्यामुळे कालव्याच्या तळाला नुसती वाळू आणि धोंडे. मामंजींना हा रस्ता तोंडपाठ. इथे आमच्या खात्याची जीप खाली गेली होती, असं ते शांतपणे सांगायचे. थोडं पुढे गेलं की इथे एक ट्रॅक्टर. कडा त्यांच्याच बाजूला होती, ते खिडकीतून खाली बघत बघत सांगत होते. मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं की पुरे आता, पण मी ब्र काढला नाही.

आणि तो उडदाचा हंगाम होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भातानंतर आमच्याकडे शेतात उडीद करतात. झाडं उपटून आणतात आणि सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची चाकं फिरली की शेंगा फुटतात, आयती मळणी होते, बायका मग झाडूनं दाणे गोळा करतात. अँबॅसडरमधून कितीदा मी त्यावरून गेले असेन, ती म्हशीसारखी निवांत तुडवत जायची. पण खाली सुटलेले दाणे, वर वाळका पाला, आणि ही वाऱ्यानं हलणारी गाडी. पहिल्या ढिगावर चढलो तेव्हा मागची चाकं अशी सळसळली की माझ्या पाचावर धारण बसली. जन्मभर ज्याच्या इडल्या खाल्ल्या तो उडीद माझ्या जिवावर उठला होता.

तेवढ्यात समोरून बस आली. खेड्यातल्या बसवाल्यांना रस्ता आपल्या तीर्थरूपांचा वाटतो. हॉर्न दाबत तो आलाच. मला डावीकडे, कडेला घेणं भाग होतं, आणि कडेला उडदाचा जाड थर. चाकं त्यावर गेली आणि गाडी तिरकी सरकायला लागली, कालव्याकडे. मी उजवीकडे फिरवलं, अँबॅसडरला फिरवावं तितकं. गाडी बसच्या अंगावर धावली. मी डावीकडे फिरवलं, पुन्हा कडा. आणि मामंजी बोलले.

"ओड!"

आता इथे जरा थांबून सांगायला हवं. मी हे लिहिते ती मराठी पुस्तकांतून उशिरा शिकलेली आहे. आमची घरची मराठी निराळी. तमिळ लोकांत पिढ्यान्‌पिढ्या राहून आमच्या तोंडातला ढ झिजून ड झाला, त्यामुळे 'ओढ' आम्ही 'ओड' असंच म्हणतो. आणि तमिळमध्ये 'ओडी' म्हणजे मोड, फांदी मोडतात तसं. पण गाडी शिकवणारे तमिळ ड्रायव्हर 'ओडी' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ स्टिअरिंग पुरतं फिरव. मामंजी गाडी शिकले ते अशाच ड्रायव्हरांकडून. पण मला शिकवताना ते नेहमी मराठीत बोलले, सून घरची म्हणून. शेवटची ती ई त्या दिवशी हॉर्नमध्ये बुडाली.

मी ओढला. हँडब्रेक, सगळा जोर लावून.

मागची चाकं जागच्या जागी अडकली, आणि गाडी दाण्यांवरून शेपटीच्या बाजूनं गरकन फिरली. शेतं, बस, आकाश, कालवा, सगळं काचेवरून पुसून गेलं. मला आठवतं ते एवढंच, की मुलीची वेणी घालायची राहिली आहे, असा विचार मनात आला. मग इंजिन बंद पडलं आणि एकदम शांत झालं. गाडीचं तोंड उलटं, तंजावुरकडे. मागचं एक चाक कडेच्या गवतावर, त्यापुढे काही नाही. बस हातभर अंतरावर थांबलेली, खिडक्याखिडक्यांतून माणसं आमच्याकडे बघत होती.

आम्ही उतरलो. मामंजींचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज तोच, कालवेखात्याचा. फिरव म्हटलं, तू ब्रेक का लावलास, असं त्यांनी विचारलं. आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. भीती होतीच, तिच्यावर हा राग चढला. बसमधली माणसं ऐकताहेत, उडदाच्या बायका झाडू घेऊन जवळ आल्या आहेत, कशाचंही भान मला राहिलं नाही.

"फिरव नाही म्हणालात, ओड म्हणालात. मी ओढला. गाडीत एक तर मराठीत बोला, नाहीतर तमिळमध्ये. दोन्हींत बोललात तर माझा जीव जाईल, मामंजी."

इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. बोलून झाल्यावर मला कळलं की संपलं. बढती गेली. आता ते म्हणतील बस गाडीत, घरी चल, गाडीचं तोंडही आयतं घराकडेच आहे. कंडक्टर शिट्टी वाजवत होता. मामंजी खाली वाकले आणि चाकात अडकलेली उडदाची झाडं एकेक करून सोडवायला लागले. सगळी सोडवून त्यांनी ती त्या बायकांच्या हातात दिली. एका म्हातारीनं तमिळमध्ये त्यांना सांगितलं, मुलीला रागावू नका, शेंगा मात्र छान फुटल्या. मग मामंजी धोतराला हात पुसत माझ्याकडे आले.

"मी शेजारी असलो की तू माझं ऐकत बसतेस. पुढच्या पुलाशी गाडी फिरव आणि जा."

आणि ते बसमध्ये चढले.

मी बघतच राहिले. बसवाल्यानं हॉर्न मारला तेव्हा भानावर आले. गाडी सुरू केली, कडेवरून चाक अलगद वर घेतलं, पुलापर्यंत बसच्या पुढेपुढे गेले आणि बाजूला घेतलं. बस शेजारून गेली. मामंजी खिडकीत बसले होते, समोर बघत. एकदाही त्यांनी मान वळवली नाही.

मला रडू आलं. मग रडण्याचाही राग आला. ही परवानगी आहे की मला वाऱ्यावर सोडलं आहे, काही कळेना. घरी जाण्याचा मोह फार झाला, खोटं कशाला बोलू. तरी गाडी फिरवली. उडीद पुन्हा समोर होताच, ढीगच्या ढीग. आता शेजारी कोणी श्वास रोखून बसलेलं नव्हतं. मी वेग आधीच कमी केला, दुसऱ्या गिअरमध्ये आले, ब्रेकवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग सैल धरलं, दुधाचा पेला धरावा इतपत. गाडी वळवळली. माझा हात आवळायला निघाला, मी आवळू दिला नाही. ती दोनदा अंग हलवून आपली आपण सरळ झाली. घामानं माझी पाठ सीटला चिकटली होती. पुढच्या ढिगावर पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यावरही. शाखेच्या कुलूप लावलेल्या दारापाशी पोचले तेव्हा बोटं मोकळी होती. पायरीवर बसून बाटलीतलं सगळं पाणी प्यायले आणि परत निघाले.

घरी पोचले तर सासूबाई दारात, नवरा स्कूटर काढून मला शोधायला निघालेला. मामंजी एकटे परतलेले पाहून घरात नुसता गोंधळ उडाला होता, आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, येईल ती, एवढंच म्हणत बसले होते. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग त्यांच्याकडे वळून सरळ विचारलं, काय ठरवलंत मग, जमेल का हिला.

ते ओट्यावर बसून पायातल्या वहाणा काढत होते.

"तिला चालवता येते," ते म्हणाले. "शेजारी बसायला मला येत नाही."

मी आत जाऊन आधी मुलीची वेणी घातली.

सोमवारी सकाळी बँकेत जायला निघाले आणि अंगणात थबकले. शेडमध्ये लाल गाडी पुढे उभी होती. अँबॅसडर तिच्या मागे, पार भिंतीपर्यंत सारलेली. दोन्ही गाड्या बाहेर काढून पुन्हा आत घेतल्याशिवाय असं होणं शक्य नव्हतं. आणि विहिरीजवळची केळ, जिला नुकतंच बोंड आलं होतं, ती अर्ध्यातून मोडून पडली होती. लाल गाडीच्या बंपरला तिचा चीक लागलेला होता.

सासूबाई हळहळत होत्या. म्हणाल्या, पहाटे गाय शिरली असेल, फाटक कुणी उघडं ठेवलं कोण जाणे. मामंजी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. पेपर चेहऱ्याच्या अगदी जवळ धरलेला.

"गाय नसेल," मी म्हटलं. "कुणीतरी ओडी म्हटलं असेल."

पेपर हलला नाही. पण त्याच्यामागे मामंजींचे खांदे हलायला लागले, आणि बराच वेळ हलत राहिले.